"तुझा नवा जन्म कधी झाला, तारीख सांग" : बाप्तिस्मा-दृढीकरण सोडून माणूस ख्रिस्ती कशानं?

मलप्रभाकाठ

मंडळी, सलाम.

गेल्या रविवारी मुलासाठी मुलगी बघायला गोकाककडं गेलो होतो. मी, बायको, मुलगा आणि माझी थोरली बहीण. आम्ही खानापूर तालुक्यातले, चार पिढ्यांचे मेथडिस्ट. आजोबा मिशनच्या शाळेत मास्तर, वडील मंडळीचे खजिनदार. मुलीकडचेही मूळचे मेथडिस्टच, पण दहा-बारा वर्षांपूर्वी ते एका नव्या प्रार्थनागृहात जायला लागले.

पोहे झाले, चहा झाला. मुलगी मोकळी बोलणारी, आमच्या हिला आवडली. तेवढ्यात मुलीच्या काकांनी मुलाला विचारलं, "तुमचा नवा जन्म कधी झाला? तारीख सांगा."

मुलगा म्हणाला, "चौदा जुलै."

काका एकदम खूश. "वा! कुठल्या सालची?"

"अठ्ठ्याण्णव."

काकांनी मनात हिशोब केला. चेहरा उतरलेला मी डोळ्यांनी पाहिला. "अहो, ही तर जन्मतारीख झाली!"

माझी बहीण हसली, मुलीची आई हसली, काका हसले नाहीत. त्यांच्याकडं नवा जन्म म्हणजे माणसानं मनापासून ख्रिस्ताला स्वीकारलं तो दिवस. निघताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "राग मानू नका. आम्हाला तारण पावलेला मुलगा पाहिजे, नुसता चर्चचा नको."

राग मानलाच. येताना गाडीत कोणी बोललं नाही. बेळगावच्या अलीकडं चहाला थांबलो तेव्हा मुलगा म्हणाला, "पप्पा, मला खरंच सांगता आलं नसतं. बाप्तिस्मा झाला तेव्हा मी तीन महिन्यांचा. दृढीकरणाला तुम्ही पाठ करून घेतलेलं म्हणून दाखवलं. यातलं माझं काय?"

मला उत्तर सुचलं नाही. म्हणून इथं विचारतो. बाप्तिस्मा, दृढीकरण (मोठं झाल्यावर मंडळीसमोर विश्वास स्वतः कबूल करायचा विधी), प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षरस घ्यायचा विधी), चर्चमधलं लग्न, शेवटी चर्चच्या जागेत कबर, हे सगळं बाजूला ठेवलं तर माणूस ख्रिस्ती कशानं ठरतो? बायबलची वचनं द्या, चालेल. पण जमलं तर पाहिलेलं सांगा.

कुंदा_प्रेमी

मुलाला शंभरपैकी शंभर. विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर दिलंय पोरानं.

खरं पोहे कसे होते ते लिहिलंच नाही की.

पाळकाची_मुलगी

नव्या जन्माचा प्रश्न पहिल्यांदा निकदेमाला पडला होता, आणि तो तुमच्या मुलासारखाच गोंधळला होता. म्हातारपणी माणूस आईच्या पोटात पुन्हा कसा शिरणार, असं विचारून बसला. येशूनं त्याला वाऱ्याचं उदाहरण दिलं. वारा मनाला येईल तिकडं वाहतो, आवाज ऐकू येतो, कुठून आला ते कळत नाही. योहानाचा तिसरा अध्याय. आता वारा कुठून आला हेच कळत नसेल तर किती तारखेला आला याची नोंद काकांनी कुठल्या वहीत ठेवायची?

माझे बाबा पाळक होते. त्यांच्याकडं तीन जाड रजिस्टरं असायची : बाप्तिस्मे, लग्नं, दफनं. बदली झाली की नवीन पाळकाला सही करून द्यायची. ते म्हणायचे, "मी माणसाच्या आयुष्यातले तीन दिवस लिहितो. मधले सगळे दिवस दुसरा कोणीतरी लिहितोय."

साक्षी_गोकाक

सगळे काकांवर हसायला लागलेत म्हणून लिहितो. त्या काकांना मी ओळखत नाही, पण त्यांच्या जागी असतो तर हाच प्रश्न विचारला असता.

मी बावीस वर्षं चर्चला गेलो. नाताळला नवा शर्ट, ईस्टरला पांढरा शर्ट. गीतांच्या पुस्तकातली निम्मी गाणी तोंडपाठ. आणि शनिवारी रात्री बसस्टँडच्या मागं पडलेला असायचो. चर्चमध्ये एकानंही कधी विचारलं नाही की बाबा तुझं काय चाललंय. वर्गणी भरलेली होती ना!

२००९ च्या ऑगस्टात बायकोनं एका घरातल्या प्रार्थनेला ओढून नेलं. तिथं काय झालं ते इथं लिहून पटायचं नाही. घरी आलो, कपाटामागची क्वार्टर काढली आणि मोरीत ओतली. बायको मोरीच्या दारात उभी होती. तिला वाटलं, ही ओतून मी आता नवीन आणायला जाणार. गेलो नाही. तेव्हापासून थेंब नाही. ती तारीख माझ्यापेक्षा तिला पक्की लक्षात आहे. दर वर्षी त्या दिवशी ती शिरा करते.

तुम्हाला तारीख म्हणजे विनोद. आमच्या घरात तो वाढदिवस असतो.

पाळकाची_मुलगी

साक्षी दादा, शिरा वाचून गप्पच झाले.

पण सगळ्यांच्या घरची मोरी एक नसते ना. माझ्या आईला आठवतं तेव्हापासून ती प्रभूशी बोलते. भांडी घासताना, बस चुकल्यावर, दूध उतू गेल्यावर. तिला तारीख विचारणं म्हणजे 'तू मराठी किती तारखेला शिकलीस' असं विचारणं.

कॅम्पातला

मराठी केव्हापासून, हा प्रश्न बेळगावात विचारू नये. २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे.

लोंढा_जंक्शन

आम्ही रेल्वेवाले, कॅथलिक, घरात कोंकणी. आमच्याकडं हा प्रश्नच उद्भवत नाही. बाळाच्या डोक्यावर पाणी पडलं की शिक्का बसला, तो पुसता येत नाही. आमचे जुने फादर म्हणायचे, "नरकात गेलास तरी ख्रिस्ती म्हणूनच जाणार." आणि हे सांगताना ते हसायचे नाहीत.

पण म्हणून पाणी न पडलेला बाहेरचा, असंही चर्च म्हणत नाही. कॅथलिक धर्मशिक्षणाच्या ग्रंथात, परिच्छेद १२५७ मध्ये, तारण बाप्तिस्म्याशी जोडलेलं आहे असं सांगतात आणि लगेच पुढं म्हणतात की देव स्वतः मात्र आपल्या संस्कारांनी बांधलेला नाही. बाप्तिस्म्याची मनापासून इच्छा होती पण त्याआधीच मरण आलं, तर ती इच्छाही धरली जाते. विश्वासासाठी रक्त सांडलं तर तेही. आणि सगळ्यात ठळक उदाहरण म्हणजे येशूशेजारी क्रूसावर टांगलेला चोर. ना बाप्तिस्मा, ना मिस्सा (आमची उपासना), ना दशांश. थेट स्वर्गाचा शब्द मिळाला.

साक्षी_गोकाक

चोराला खाली उतरायला मिळालं असतं तर त्यानं बाप्तिस्मा घेतला असता.

कुंदा_प्रेमी

उतरायला मिळालं असतं तर आधी पळाला असता. चोरच तो.

हलगीवाला

इतकं लांबवायचं कशाला? मत्तय २५ वाचा. शेवटच्या दिवशी विचारणार काय? भुकेल्याला दिलंस का, उघड्याला पांघरलंस का, आजाऱ्याला, तुरुंगातल्याला भेटलास का. बाप्तिस्मा बुडवून घेतलास की शिंपडून, हे त्यात कुठंच नाही. याकोबही तेच म्हणतो, कृतीवाचून विश्वास म्हणजे मढं. संपला विषय.

निपाणीकर_अण्णा

मी हिंदू आहे, पण बेळगावात मिशनच्या शाळेत शिकलो म्हणून धागा वाचत होतो. हलगीवाले म्हणतात तसा विषय संपत नाही असं मला वाटतं.

२०१९ च्या ऑगस्टात दूधगंगा-वेदगंगेला पूर आला तेव्हा आम्ही सहा दिवस एका शाळेत होतो. भाकऱ्या थापायला मठातले लोक होते, मशिदीतले होते, चर्चमधल्या बायका होत्या, तालमीतली पोरं होती. भाकरी कोणाची ते ओळखू येत नव्हतं. (तालमीतल्या पोरांची ओळखू येत होती. नकाशासारखी.)

आता भुकेल्याला दिलं की ख्रिस्ती, असं असेल तर गाडगेबाबा तुमच्या सगळ्या बिशपांपेक्षा मोठे ख्रिस्ती. ते तुम्हाला मान्य असेल, पण गाडगेबाबांना विचारलंय का? चांगला माणूस आणि ख्रिस्ती माणूस यांत काही फरक असेल तर तो सांगा. नसेल तर दोन शब्द कशाला?

पाळकाची_मुलगी

अण्णा, मुद्दा अगदी बरोबर. गाडगेबाबांना न विचारता आमच्या रजिस्टरात घालणं हेही एक धर्मांतरच झालं.

चांगुलपणावर आमचा सातबारा नाही. उलट पौल तर सांगतो की तारण कृपेनं आहे, कोणी बढाई मारू नये म्हणून कर्मानं नाही. म्हणजे ख्रिस्ती माणूस चांगलाच असतो असं नाही. आपण चांगले नाही हे ज्याला कळलंय आणि तरी ज्याला कोणीतरी घरात घेतलंय, तो. माझी व्याख्या एवढीच. पण ही दुसऱ्याला बाहेरून दिसणार कशी, हे मला सांगता येत नाही.

जुना_कागद

वरचं वाचून आपल्याच गावची आठवण झाली. बाबा पदमनजी, जन्म १८३१, बेळगाव. इथल्याच मिशन शाळेत सुरुवातीचं शिक्षण. मन ख्रिस्ताकडं कधीचंच वळलेलं, पण घरचे, जातीचे, आईबाप. ती ओढाताण कित्येक दिवस चालली. शेवटी १८५४ साली, तेविसाव्या वर्षी, बेळगावातच बाप्तिस्मा. तीन वर्षांनी मराठीतली पहिली कादंबरी मानतात ती लिहिली, विषय विधवांचे हाल. आता सांगा, ते ख्रिस्ती कधी झाले? १८५४ च्या त्या दिवशी, की त्याआधी चोरून प्रार्थना करत होते तेव्हा?

उलटं उदाहरण पंडिता रमाबाई. बाप्तिस्मा १८८३, इंग्लंडात. आणि पुढं त्यांनी स्वतः लिहिलं की तेव्हा मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. तो आठेक वर्षांनी. मधल्या काळात आश्रमातल्या सिस्टरांशी वाद : क्रूसावर लॅटिन अक्षरं कशाला, संस्कृत का नको? मांसाहार शेवटपर्यंत केला नाही. बाई विधीतून गेल्या आणि विधीनं त्यांचं समाधान झालं नाही.

आणि ना. वा. टिळक. १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा, लक्ष्मीबाईंचा त्यानंतर पाच वर्षांनी. बावीस वर्षं मिशनचं काम करून १९१७ ला ते सोडलं आणि 'देवाचा दरबार' काढला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्हीकडचे ख्रिस्ताचे शिष्य चालत. तेव्हा मलप्रभाकाठ यांचा प्रश्न शंभर वर्षांपूर्वीचा आहे आणि मराठीतच विचारून झालेला आहे.

जाता जाता, 'ख्रिस्ती' हे नावसुद्धा शिष्यांनी स्वतःला घेतलेलं नाही. अंत्युखियात लोकांनी ते पाडलं. प्रेषितांची कृत्ये, ११ वा अध्याय. नाव शेजाऱ्यांनी ठेवायचं असतं, आपण नाही.

लोंढा_जंक्शन

जुना_कागद, मस्त. देशनूरच्या मठाचीही भर घाला. जेझुइट फादर, अंगावर भगवं, शाकाहारी, खाली मांडी घालून मिस्सा. माझी आजी पहिल्यांदा गेली तेव्हा हळूच विचारते, "हे कुठले स्वामी?" मिस्सा संपल्यावर म्हणाली, "स्वामी कुठले का असेनात, शब्द आपलेच आहेत."

अर्धा_रविवार

आयडी याच धाग्यासाठी काढला आहे.

माझा बाप्तिस्मा झालेला नाही. आईचा नाही, भावाचा नाही. आई तीस वर्षं दर रविवारी मागच्या बाकावर बसते. शाळेच्या दाखल्यावर हिंदू आणि पुढं जात. भावाची नोकरी त्या दाखल्यावर आहे, माझं शिक्षण त्यावर झालं. १९५० चा राष्ट्रपतींचा आदेश आहे. त्यानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंना, १९५६ नंतर शिखांना, १९९० नंतर बौद्धांना. ख्रिस्ती झालं की गेला. चर्चमध्ये गेल्यावर गल्लीतली वागणूक बदलली असती तर गोष्ट वेगळी. ती तशीच राहिली, फक्त दाखला गेला असता.

म्हणून पाणी घेतलं नाही. प्रभुभोजनाच्या वेळी आम्ही तिघं बसून राहतो. पूर्वी मी मोबाइल काढायचो, म्हणजे काहीतरी करतोय असं दिसावं. आता काढत नाही.

तर सांगा. बाप्तिस्मा सोडून माणूस ख्रिस्ती कशानं, हा तुमच्यासाठी गप्पांचा विषय. आमच्याकडं बाप्तिस्मा सोडला तर बाकी सगळं आहे.

वचनप्रेमी

कठोर वाटेल, पण लिहितो. जो मला माणसांसमोर नाकारील त्याला मीही पित्यासमोर नाकारीन, असं प्रभूचं वचन आहे. नोकरीसाठी कागदावर हिंदू आणि रविवारी विश्वासणारे, ही दोन होड्यांवरची कसरत आहे. रोमन काळात पहिल्या मंडळीनं सिंहासमोर टाकलं तरी नाकारलं नाही.

अर्धा_रविवार

पेत्रानं कोंबडा आरवायच्या आत तीनदा नाकारलं. तरी स्वर्गाच्या किल्ल्या त्याच्याकडंच राहिल्या.

कॅम्पातला

अर्धा_रविवार, _/\_

वचनप्रेमी, तुमचे पणजोबा सिंहासमोर उभे होते का तलाठ्यासमोर?

वचनप्रेमी

वैयक्तिक होऊ नका. माझं म्हणणं एवढंच की बाप्तिस्मा ही आज्ञा आहे, मर्जी नाही. मत्तय २८. 'बाजूला ठेवलं तर' असा प्रश्नच चुकीचा आहे. लग्न बाजूला ठेवलं तर नवराबायको कशानं, असं विचारल्यासारखं.

कुंदा_प्रेमी

तोच तर धागा आहे की ओ. लग्नच जमेना त्यांचं.

सीमाभागी

हे सगळं ठीक, पण २०२१ च्या डिसेंबरात इथंच सुवर्ण विधानसौधात धर्मांतराचं विधेयक पास झालं तेव्हा हेच लोक

व्यवस्थापक

सीमाभागी यांचा उरलेला प्रतिसाद आणि त्याखालचे सहा प्रतिसाद काढले आहेत. धर्मांतर कायद्यावर वेगळा धागा आहे, तिथं भांडा. इथं मुलाच्या प्रश्नावर बोला.

बिनपाण्याचा

मी मुक्तिफौजेचा, म्हणजे साल्व्हेशन आर्मीचा. मूळ नगरचा, कामानं बेळगावला. वचनप्रेमींना धक्का बसेल, पण आमच्यात बाप्तिस्माही नाही आणि प्रभुभोजनही नाही. १८८२ पासून भारतात आहोत, आणि आम्ही ख्रिस्ती नाही असं अजून कोणी तोंडावर म्हटलेलं नाही. झेंड्याखाली उभं राहून करारावर सही करायची : दारू नाही, तंबाखू नाही, येशू प्रभू.

अर्थात, विधी नाहीत म्हणून अहंकार नाही असं समजू नका. गणवेशाची इस्त्री हा आमचा संस्कार. कडक इस्त्रीवाला मऊ इस्त्रीवाल्याकडं असा बघतो की काय सांगू.

कॅम्पातला

अवांतर : आमच्याकडं पहिली उपासना कन्नड, दुसरी मराठी. दोन्हींत तेच वचन, तोच संदेश, फक्त भाषा वेगळी. खरं मधल्या वीस मिनिटांत गाड्या काढण्यावरून गेटपाशी जे चालतं ते ख्रिस्ती नाही, एवढं नक्की. धाग्याच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिथं मिळतं.

पाळकाची_मुलगी

गेटवर शिव्या मात्र दोन्ही भाषांत मिसळून. तिथं खरी एकता!

चिकोडीची_लेक

उशिरा आले. मलप्रभाकाठ यांनी पाहिलेलं सांगा म्हटलंय म्हणून आईचं सांगते. ती आता नाही.

आमच्या आईनं अकरा वर्षं प्रभुभोजन घेतलं नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी सगळे उठून पुढं कठड्यापाशी गुडघे टेकायला जायचे. आई बाकावर बसून राहायची, पदर डोक्यावर, नजर स्वतःच्या हातांकडं. मी लहान होते, मला लाज वाटायची. मैत्रिणी विचारायच्या, तुझ्या आईनं काही पाप केलंय का?

झालं होतं असं. वडील गेल्यावर काकांनी अर्धा एकर उसाचं रान स्वतःच्या नावावर करून घेतलं. वडिलांनी तोंडी दिलं होतं म्हणे. काकीनं तशी साक्ष दिली. आई कोर्टात गेली नाही, पण काकीशी बोलणंही बंद. एकाच गल्लीत दोन टोकांना घरं, नळावर रोज तोंडाला तोंड.

मंडळीत बोलबाला झाला की हिचा विश्वास थंडावला. एकदा पाळक घरी समजवायला आले. आई म्हणाली, "अर्पण वेदीपाशीच ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर, मग येऊन अर्पण दे, असं लिहिलंय ना? मी अजून वाटेतच आहे. पोचले की येईन." पाळकांनी चहा घेतला आणि गेले. पुन्हा तो विषय काढला नाही.

मी दहावीला होते. शनिवारी संध्याकाळी लाइट गेलेली. आई म्हणाली, बॅटरी घे. मला वाटलं दुकानात. ती काकीच्या दारात जाऊन उभी राहिली. काकी कंदिलाच्या उजेडात शेंगा फोडत बसली होती. ये म्हणाली नाही, जा पण म्हणाली नाही. आई उंबऱ्याच्या आत बसली आणि शेंगा फोडायला लागली. टरफलांचा आवाज तेवढा. पाटी निम्मी झाल्यावर काकी उठली, चहा टाकला. कप पुढं ठेवताना म्हणाली, "साखर घातली नाही. तुला लागत नाही ना."

अकरा वर्षांनी तिच्या लक्षात होतं.

दुसऱ्या दिवशी आई कठड्यापाशी गेली. काकीपासून दोन माणसं सोडून. रान परत मिळालं नाही. अजून काकांच्या मुलांकडंच आहे, ऊस चांगला येतो.

अण्णांनी विचारलं होतं, चांगला माणूस आणि ख्रिस्ती माणूस यांत फरक काय. मला माहीत नाही. पण आई चांगली बाई होती असं काकी कधी म्हणायची नाही. आईच्या मयताला मात्र ती म्हणाली, "ती आली होती." एवढंच.

निपाणीकर_अण्णा

चिकोडीच्या ताई, मला उत्तर मिळालं असं म्हणत नाही. पण प्रश्न मागं घेतो.

साक्षी_गोकाक

ताई, आमच्या प्रार्थनागृहात तुमच्या आईला साक्ष द्यायला उभं केलं असतं. ती उभी राहिली नसती बहुतेक.

चिकोडीची_लेक

नसती राहिली. म्हणाली असती, कुकर लावायचाय.

अर्धा_रविवार

बसून राहणारे आम्ही एकटेच नव्हतो म्हणायचे.

मलप्रभाकाठ काका, एक विचारू? रागावू नका. खानापुरातून मुलगी बघायला थेट गोकाकपर्यंत गेलात. वाटेत बेळगाव लागतं, तिथल्या मंडळीत मुली नव्हत्या का? की 'आपल्यातली' पाहिजे होती? आमच्या चर्चमध्ये बाकं एकच आहेत, कठडाही एकच आहे. पण सोयरीक काढताना पूर्वी कोण होता हे चार पिढ्यांनंतरही विचारतात. नाव घेऊन नाही. 'तुम्ही मूळचे कुठले' असं विचारतात.

हलगीवाला

आता बोला.

कुंदा_प्रेमी

इथं मात्र मला जोक सुचलेला नाही.

लोंढा_जंक्शन

आमच्याकडंही आहे हे. गोव्यातून येताना सगळं सामान मागं ठेवलं असं सांगतात, पण बामण-चारडो हा जातीचा भेद बरोबर आणला. दोघांचा शिक्का तोच, पाणी तेच. तरी आजीकडं बायोडाटा आला की ती पहिल्यांदा आडनाव आणि गाव बघते.

मलप्रभाकाठ

चार दिवस वाचत होतो, लिहिलं नाही. अर्धा_रविवार यांचा प्रश्न टाळत होतो.

हो. बायोडाट्यात तसा रकाना नाही. पण मध्यस्थाला मी फोनवर म्हणालो होतो, "आपल्यातलीच बघा." बेळगावातली दोन स्थळं ही म्हणत असताना मी मोडून काढली, कारण सांगितलं नाही. काकांनी तारीख विचारली म्हणून मला एवढा राग आला. पण त्यांनी सगळ्यांसमोर तोंडावर विचारलं. माझं विचारणं असं की मुलाला कळूही दिलं नाही.

धागा मुलाला वाचायला दिला होता. चिकोडीच्या ताईंचं वाचून तो बराच वेळ गॅलरीत होता. मग अर्धा_रविवार यांचा प्रतिसाद दाखवून म्हणाला, "पप्पा, याचं उत्तर तुम्ही देणार की मी देऊ?" म्हणून मीच देतोय.

त्याच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडं अजून नाही. तसं त्याला सांगितलं. बापानं 'मला माहीत नाही' म्हटलेलं त्यानं बहुतेक पहिल्यांदा ऐकलं.

आणि एक बातमी. त्या मुलीनं त्याला मेसेज केला होता, परवाच कळलं. लिहिलं होतं, "तारीख मलाही नाही. काकांना सांगू नका."

पाळकाची_मुलगी

काका!! हे सगळ्यात शेवटी सांगताय?

वचनप्रेमी

मलप्रभाकाठ, तुमचं माझं बाप्तिस्म्यावर जमणार नाही. पण कबूल केलंत, त्याला सलाम. अर्धा_रविवार, तुम्हाला होड्यांचं म्हणालो ते मागं घेतो. आज्ञेचं नाही घेत.

अर्धा_रविवार

आज्ञेचं राहू द्या. आई म्हणते तिला कठड्यापाशी जायचंच आहे, भाऊ रिटायर झाला की. अजून नऊ वर्षं. तीही वाटेतच आहे म्हणायची.

मलप्रभाकाठ काका, थँक्यू.

चिकोडीची_लेक

आईला सांगा, बॅटरी धरायला मी येते.

मलप्रभाकाठ

मुलगा आणि ती मुलगी बोलतायत म्हणे. काकांचं काय करायचं ते बघू. साक्षी दादा, तुम्ही गोकाकचे, गरज पडली तर एक शब्द टाकाल का?

साक्षी_गोकाक

टाकतो. पण मुलाला तारीख पाठ करून पाठवू नका, काकांच्या लगेच लक्षात येईल. जे चहाच्या वेळी तुम्हाला म्हणाला तेच त्यांना सांगू दे, यातलं माझं काय म्हणून. मीही सुरुवात तिथूनच केली होती.

आणि सगळेच या आमच्याकडं. बायकोला धागा वाचून दाखवला, ती म्हणते या वर्षी शिरा मोठ्या पातेल्यात करते.

कुंदा_प्रेमी

शिऱ्याला नक्की येतो. तारीख सांगा.